हिरवळीचे दुखणे

पावसाळा सरता सरता आमच्या महाविद्यालयाच्या हिरवळीवर तपकिरी चट्टे उमटतात. मग 'रोग आला' अशी ओरड होते आणि फवारणीच्या औषधासाठी पैसे मागितले जातात. माझे मत जरा निराळे आहे. हा रोग बहुतांशी आपणच पोसलेला असतो.

आपल्याकडची हिरवळ बहुधा हरळीची. म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वांची. मुळात हे गवत मोठे चिवट. शेतातून ते उपटता उपटता शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात! तेच आपल्या अंगणात मरते, तर दोष गवताचा कसा?

बुरशीला हवी ऊब आणि पात्यांवर तासन् तास टिकणारा ओलावा. पावसापुढे इलाज नाही. पण पाऊस थांबल्यावरही आपण संध्याकाळी पाणी सोडतो आणि गवत रात्रभर भिजत ठेवतो. तेच पाणी पहाटे दिले, तर ऊन वर येताच पाती सुकतात. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा, पण खोल मुरेल असे द्यावे.

कापणीची तऱ्हा तर विचारूच नका. स्नेहसंमेलन जवळ आले की महिनाभर वाढलेले गवत एकदम जमिनीलगत तासायचे, आणि हिरवे दिसावे म्हणून वर युरिया फेकायचा! वास्तविक एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. बोथट यंत्र पाते कापत नाही, फाडते. त्या जखमांतून बुरशीला वाट मिळते आणि युरियाने फुटलेली लुसलुशीत वाढ तिला आयतीच सापडते. (अगदी उपाशी ठेवलेल्या हिरवळीवरही नाण्याएवढे फिकट ठिपके पडतात, हेही खरे.)

'हिरवळीवरून चालू नये' या पाटीला आम्ही विद्यार्थी हसतो. पण ओल्या जमिनीवर रोज एकाच वाटेने पायपीट झाली की माती घट्ट बसते, पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही. एवढा वाटा आमचाही आहे.

माळीमामांना बोल लावणे सोपे. पण नळाच्या खोलीची किल्ली कचेरीत असते आणि कचेरी उघडते दहाला. त्यांनी पहाटे पाणी द्यायचे कसे? आधी ती किल्ली त्यांच्या हाती द्यावी, यंत्राची पाती धारेला पाठवावीत. फवारणीचा खर्च मंजूर करायचाच, तर तो त्यानंतर करावा.