शाडूच्या मूर्तीचा पूर्ण हिशेब

गणेशोत्सव जवळ आला की पर्यावरणप्रेमाला भरती येते. वर्षभर नद्यांत मैलापाणी मिसळत असताना मौन बाळगणारी मंडळी नेमकी दहा दिवसांसाठी जागी होतात, ही हिंदू समाजाची तक्रार निराधार नाही. परंतु तक्रार खरी म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती घडविण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन परवानगीवाचून नको, असेही बजावले. जुलैमध्ये उंच मूर्तींना ठरावीक मुदतीची सवलत मिळाली. पेणच्या कारागिरांचा जीव भांड्यात पडला. ‘प्लास्टर की शाडू’ हा वाद मात्र तेथेच आहे.

असे वाद तपासण्याचे एक शास्त्र आहे: जीवनचक्र मूल्यमापन, अर्थात लाइफ सायकल असेसमेंट. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने अमेरिकेत शीतपेयाच्या वेगवेगळ्या वेष्टनांची तुलना करवून घेतली, तेथून त्याचा आरंभ मानतात. पुढे आयएसओ १४०४० या मानकाने त्याचे टप्पे निश्चित केले. हेतू व व्याप्ती ठरवायची, जन्मापासून अंतापर्यंत काय लागले आणि काय बाहेर पडले याची नोंद करायची, त्याचे परिणाम मोजायचे आणि मग अर्थ लावायचा. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीला यात अवघड वाटावे असे काही नाही.

खरी मेख पहिल्याच टप्प्यात आहे. तुलना कशाची? दोन मूर्तींची नव्हे, तर ‘एका घरातील एका वर्षाच्या पूजेची’. मग प्लास्टरच्या बाजूला जिप्समची खाण येते, ते सुमारे दीडशे अंशांवर तापविण्याचे इंधन येते, आणि पाण्यात दीर्घकाळ तशीच राहणारी मूर्ती येते. शाडू भाजावा लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण महाराष्ट्रात वापरला जाणारा बराचसा शाडू गुजरातेतून ट्रकने येतो. मूर्ती जड, नाजूक, वाटेत फुटते. पाण्यात ती लवकर विरते खरी, मात्र माती नाहीशी होत नाही, गाळ होऊन तळाशी बसते. आणि रंग? शाडूवर शिसे असलेला रासायनिक रंग चढविला, तर ‘पर्यावरणपूरक’ ही पाटी निव्वळ सजावट ठरते.

पार्थिव पूजेत माती जवळच्या नदीकाठची असे आणि परत तेथेच जाई. पूर्वजांना हे आधुनिक शास्त्र अवगत होते, असा दावा करण्याचे कारण नाही; ते चक्र आखूड होते, एवढे पुरे. आजचा शाडू त्या परंपरेचे नाव सांगतो, प्रवास मात्र शेकडो किलोमीटरचा करतो.

अखेरच्या टप्प्यावर तर पारडे पुन्हा हलते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळविण्याची पद्धत दिली. तीतून चुनखडीसारखा साका आणि खत म्हणून उपयोगी पडणारे अमोनियम सल्फेट मिळते. पण ते बायकार्बोनेटही कारखान्यातच तयार होते; त्याचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? याउलट विसर्जनानंतरची शाडूमाती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचा उपक्रम पुण्यात सुरू आहे. ती माती पुन्हा वापरली, तर नव्या मातीची खाण आणि ट्रकची फेरी तेवढी वाचते. पिढ्यान्‌पिढ्या पुजल्या जाणाऱ्या धातूच्या मूर्तीचा हिशेब आणखी निराळा, कारण तिचा भार अनेक वर्षांवर वाटला जातो.

हे शास्त्र सर्व काही ठरवून देत नाही. ट्रकचा धूर आणि तळ्यातील मासे एकाच तराजूत घालता येत नाहीत. कशाला अधिक मोल द्यायचे हे समाजालाच ठरवावे लागते, आणि तेथे श्रद्धेलाही स्थान आहे. मात्र आज दोन्ही बाजू आकड्यांवाचून भांडत आहेत. रोषणाईवर आणि ध्वनिक्षेपकांवर लाखो रुपये उधळणाऱ्या मंडळांनी यंदा एक वही घालावी. मूर्ती नोंदवितानाच मूर्तिकाराला विचारावे: माती कुठली, वजन किती, रंग कोणता, आणि विसर्जनानंतरची माती तो परत घेईल काय.