सिटीला मुदत, आम्हाला नोटीस

ज्वारी निघाली, कडबा रचायचा राहिलाय. काल पोरगा म्हणाला, "आप्पा, आपला मराठी माणूस अमेरिकेतल्या बड्या बँकेचा प्रमुख होता, त्याच्यावर लिहा की." लिहितो, पण आरती ओवाळणार नाही.

विक्रम पंडित. जन्म 1957 चा, नागपूरचा. सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात इंजिनिअरिंग केलं, पुढं पीएचडी. मॉर्गन स्टॅनलीत वर चढले. 2006 ला सोबत्यांबरोबर ओल्ड लेन हा हेज फंड काढला, म्हणजे बड्यांचा पैसा घेऊन बाजारात डाव लावायचा धंदा. 2007 ला सिटीग्रुपनं तो साधारण 80 कोटी डॉलरला घेतला आणि त्याच डिसेंबरात पंडित सिटीचे प्रमुख झाले. 2008 ला तो फंड सिटीला गुंडाळावा लागला. माणूस हुशार, त्याबद्दल वाद नाही. माझा राग वेगळा आहे.

2008 ला घरकर्जाच्या बुडीत कागदांनी सिटी बसायला आली. सरकारनं 4,500 कोटी डॉलर घातले, वर सुमारे 30,600 कोटी डॉलरच्या खराब मालाला हमी दिली. नको असलेला माल 'सिटी होल्डिंग्ज' नावाच्या वेगळ्या कप्प्यात टाकून सावकाश विकला. पंडितांनी काही काळ पगार 1 डॉलर घेतला, पण खुर्ची 2012 पर्यंत राहिली.

त्याच 2008 ला आपल्याकडं कर्जमाफी आली. 2 हेक्टरपर्यंत सगळं माफ. आमची 8 एकर जिरायत, सगळी पावसावर. चार एकर उसाचा बागायतदार कागदावर लहान, आणि आम्ही मोठे! 1 लाख 20 हजार थकलेले. आधी 90 हजार भरा, मग 30 हजार सूट. 90 हजार असते तर थकलं असतं का? पुढं 101 ची नोटीस आली. बैलजोडी विकली.

कुणी म्हणेल, सिटीनं पैसे फेडले, सरकारला नफासुद्धा झाला. खरंय. मी तेच म्हणतोय. फेडले, कारण मुदत मिळाली. बुडीत कर्जाच्या धंद्याचं इंगित एवढंच: 100 चा कागद 40 ला घ्यायचा, वाट बघायची, दिवस फिरले की 70 वसूल करायचे. ज्याला थांबायला परवडतं, नफा त्याचा. आमची ज्वारी पण एका पावसाची वाट बघत होती, पण आम्हाला थांबू कोण देतंय?

म्हणून मला माफीची भीक नको. पीक बुडालं तर वसुली थांबवा, त्या वर्षाचं व्याज चढवू नका. आणि लहान-मोठा शेतकरी ठरवताना एकर मोजू नका, विहिरीतलं पाणी मोजा.

बँक बुडाली की संकट, शेतकरी बुडाला की थकबाकीदार. हा शब्दांचा खेळ आधी बंद करा.

चला, कडबा रचायचाय.