फावल्या वेळाला जागा हवी

विद्यार्थ्यांनी फावला वेळ सत्कारणी लावावा, असा उपदेश व्यासपीठावरून करणे सोपे आहे. पोलादपूरच्या डोंगरवाडीतून महाडला शिकायला येणाऱ्या मुलाचा फावला वेळ म्हणजे तास संपल्यापासून एस.टी. सुटेपर्यंतचा वेळ. तो त्याने घालवावा कोठे? पैसे मोजून छंदवर्गात?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक ते सर्वांचे, हे ज्या गावाला बजावले, तेथे तरी हा प्रश्न पडू नये. जवळच्याच गोरेगावात जन्मलेल्या ना. म. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, श्रमिकांसाठी वाचनालये चालविली. विरंगुळा ही धनिकांची मिरास नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

करण्याजोगे महाडात पुष्कळ आहे. गांधारपाल्याची लेणी जवळच आहेत. जुलै २०२१ च्या महापुराचे पाणी कोणत्या भिंतीवर कोठवर चढले, हे घरोघर विचारून नोंदविणे हाही छंदच, आणि गावाच्या उपयोगाचा. पण टेकायला जागा हवी. नगरपालिकेने शेवटच्या गाडीपर्यंत उघडे राहणारे विनाशुल्क वाचनालय द्यावे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांचे कपाट म्हणजे वाचनालय नव्हे. खर्च म्हणाल, तर थोड्या पुस्तकांचा, चार दिव्यांचा आणि एका ग्रंथपालाच्या पगाराचा.