'स्वामी', 'बलुतं' आणि लेकीचा प्रश्न



सिलिकॉन ओएसिसमधल्या आम्हा आठ-दहा मराठी घरांत पुस्तकांची एक पेटी फिरत असते. नाशिकच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'वरून सुचलेली, पण अगदी घरगुती. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे होती, त्यामुळे कोण काय उचलतं ते पाहायला मिळालं. 'छावा', 'पानिपत', 'राऊ' पहिल्याच संध्याकाळी गेली. पाठोपाठ सुहास शिरवळकर. 'बलुतं' आणि 'आयदान' मात्र जागचे हलले नाहीत. एका मित्राने 'बलुतं' हातात घेतलं, चार पानं चाळली आणि परत ठेवलं. म्हणाला, "दिवसभर ऑफिसात डोकं पिकतं, रात्री ते दुःख कुठे वाचत बसू?"

रहस्यकथांवर माझा मुळीच राग नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि अख्ख्या पिढ्यांना वाचायची सवय लावली. समीक्षकांनी त्यांना दारातच उभं ठेवलं ही आपली साहित्यिक सोवळेगिरी. आणि झुंजारने कितीही पराक्रम केले तरी ते खरंच घडलं असं कुणी मानत नाही. लेखकाने थाप मारायची आणि वाचकाने मजा घ्यायची, हा व्यवहार दोघांनाही माहीत असतो.

ऐतिहासिक कादंबरीत हा व्यवहार धूसर होतो. मस्तानीबद्दलची अस्सल कागदपत्रं अगदी तुटपुंजी, पण ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचलेल्या माणसाला बाजीराव तिच्याशी काय बोलला हे 'माहीत' असतं. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला आहे, हेही सांगितलं. म्हणजे आधार कशाचा, तर कादंबरीचा! 1979 सालच्या कल्पनेच्या पुस्तकाला आपण दप्तरखान्याचा दर्जा दिला तो असा.

पण दुसऱ्यांना कशाला बोलू? माझंच सांगते. 'स्वामी' मी चौदा वर्षांची असताना, 1987 च्या मे महिन्याच्या सुट्टीत वाचली. शेवटी थेऊरला माधवराव जातात, रमाबाई सती जातात, आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. त्याच वर्षी सप्टेंबरात राजस्थानातल्या देवराळ्याला रूपकंवर चितेवर गेली. घरात चर्चा झाल्या, मी शाळेत सतीविरुद्ध तावातावाने भाषणही केलं. पण चार महिन्यांपूर्वीच्या त्या अश्रूंशी या भाषणाचा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुढे कित्येक वर्षं आलं नाही.

या उन्हाळ्यात (बाहेर 45 अंश, करणार काय?) लेकीला 'स्वामी' मोठ्याने वाचून दाखवली. तिला देवनागरी वाचता येते, पण अडखळत. शेवट आला आणि सवयीने माझा आवाज कापला. ती मात्र कोरडी. म्हणाली, "आई, हे इतकं सुंदर का लिहिलंय? तिला जाळलं ना?"

मी म्हटलं, तो काळच तसा होता. हे उत्तर किती लंगडं आहे ते मला बोलतानाच कळलं. घटना 1772 ची, पण कादंबरी 1962 ची. सतीबंदी होऊन तेव्हा 133 वर्षं झाली होती. वर्णनातलं ते सौंदर्य पेशवाईतलं नव्हे, आपल्या काळातल्या लेखकाचं आणि त्याला डोक्यावर घेणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांचं होतं. रणजित देसाईंची भाषा मला आजही आवडते. अडचण तीच आहे.

आत्मचरित्रांतही माणसं लपवाछपवी करतात, भाबडेपणा नको. पण लिहिणाऱ्याला नाव-गावासकट समोर उभं राहावं लागतं. दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं. त्यातला मुंबईचा कावाखाना, एकेका खोलीत कोंबलेली बिऱ्हाडं वाचताना मला इथल्या बेडस्पेस आठवतात, पहाटे खिडकीतून दिसणाऱ्या मजुरांच्या बसेस आठवतात, खिडकीच्या काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं आठवतात. उर्मिला पवारांचं 'आयदान' वाचून मला माझ्याच कोकणातल्या सुट्ट्या वेगळ्या दिसायला लागल्या. आंबे खाऊन परतणाऱ्या आम्हाला गावाची दुसरी बाजू कधी दिसलीच नव्हती. पुरोगामी म्हणवणाऱ्या आमच्या गटातही ही पुस्तकं पेटीच्या तळाशी राहतात, आणि मग मुलांना महाराष्ट्र म्हणजे घोडे, तलवारी आणि नऊवारी एवढाच ठाऊक होतो.

"मग काय, 'स्वामी' काढून टाकायची?" मित्राने विचारलं. छे! काढायचं काहीच नाही. मी पेटीला फक्त एक नियम लावला: ऐतिहासिक कादंबरी न्यायची तर सोबत एक आत्मचरित्रही न्यायचं. दोघांनी कुरकुर केली, एकीने 'स्मृतिचित्रे' आधीच वाचल्याचं सांगून सूट मागितली (दिली). मित्र 'पानिपत' आणि 'बलुतं' घेऊन गेला. 'पानिपत' आठवड्यात परत आलं. 'बलुतं' अजून त्याच्याकडेच आहे; परवा फोनवर म्हणाला, बायको वाचतेय, थांब.