क्रेटा की नेक्सॉन? म्हसावदकरांनो, बुकिंगच्या आधी हे वाचा

ऊस गेला, केळी-पपईचे पैसे हातात आले की आपल्याकडे पहिला विषय गाडीचा. सध्या टपरीवर एकच वाद आहे: नेक्सॉन, थ्री-एक्सओसारखी चार मीटरच्या आतली घ्यायची, की अजून पाच-सात लाख घालून क्रेटाच्या वर्गातली ‘प्रीमियम’? माझं मत सरळ आहे. हप्त्यावर घेणार असाल तर लहान घ्या. भाऊबंदाने मोठी घेतली, हे काही कारण नाही.

आधी हिशोब. 22 सप्टेंबर 2025 पासून लांबी 4 मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं 1200 किंवा डिझेलचं 1500 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के. त्यापुढे 40. (ब्रेझावाल्यांनी लक्ष द्या, लांबी बसते पण पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून ती 40 मध्येच.) समजा गाडीची मूळ किंमत 8 लाख. 18 टक्क्यांनी ती 9 लाख 44 हजार होते, 40 ने 11 लाख 20 हजार. वर आरटीओ. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, पुढे 12. म्हणजे तेवढ्याच किमतीच्या गाडीवर ढोबळ दोन लाख नुसते करात गेले. त्या पैशात शेतात ठिबक होतं.

‘मोठी गाडी मजबूत असते भाऊ,’ असं सेल्समन सांगतो. नेक्सॉन, थ्री-एक्सओ आणि स्कोडाची कायलॅक, तिघींना भारत एनकॅपचे 5 स्टार आहेत आणि सहा एअरबॅग खालच्या मॉडेलपासून मिळतात. जमिनीपासूनची उंची बघा: नेक्सॉन 208 मिलिमीटर, क्रेटा 190. शेतरस्त्याला कोणती घासेल ते तुम्हीच ठरवा. जास्तीच्या पैशात मिळतं काय, तर मोठा स्क्रीन, गार हवेची सीट, मोठं सनरूफ. मे महिन्यात आपल्याकडे सनरूफ उघडून फिरणारा माणूस मला कुणीतरी दाखवा!

हां, एक मान्य. मागे तीन मोठी माणसं रोज बसणार असतील, किंवा आजारी आईवडिलांना वरचेवर सुरतला दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर मोठी गाडी खरंच आरामाची. रोखीने परवडत असेल तर जरूर घ्या.

पण गाडी कोणतीही असो, मागचा पट्टा लावतं कोण? 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ चारोटीला सायरस मिस्त्री गेले, ते मर्सिडीजच्या एसयूव्हीत मागे बसले होते. पट्टा नव्हता. त्यांच्या शेजारी बसलेले जहांगीर पंडोलही गेले. पुढच्या सीटवरचे दोघं पट्टा लावून होते, ते जबर जखमी झाले पण वाचले. आणि आपण पाच सीटच्या गाडीत नऊ जण कोंबून लग्नाला जातो, पोरं मांडीवर.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शहाद्याच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. घरातली पाच माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि राणीपूरवरून तोरणमाळचा घाट चढवून बघा. तिथं 1200 सीसीचं इंजिन दमतं का, उतारावर ब्रेक कसे धरतात, हे कळेल. शोरूमवाला नाही म्हणाला तर ओळखीतल्याची गाडी मागा. ज्यांनी भरल्या गाडीने तो घाट चढलाय त्यांनी मॉडेल आणि इंजिन खाली लिहा, या हंगामात घेणाऱ्यांना उपयोग होईल.