एक अफवा आणि दोन तराजू

मुलें धरणारी टोळी आली, ही हाकाटी आमच्या मुलखाला नवी नाहीं. पुलाच्या पायांत लेकरूं गाडल्यावांचून पूल टिकत नाहीं, असें आमचे आजे-पणजे समजत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां इस्पितळांत माणसें मारून त्यांची मोमियाई काढतात अशी आवई उठली, आणि त्याच ऑक्टोबरांत गिरणी कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्या काळीं मोमियाई काढीत, आतां मूत्रपिंडें काढतात; त्या काळीं आवई तोंडातोंडीं जाई, आतां फोनांतून येते. फरक इतकाच. ही अफवा कोणाच्या जिवावर उठते आणि मागाहून तिचा हिशेब कोणत्या तराजूनें होतो, हें आज आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम राईनपाड्याची हकीकत. ता. १ जुलै २०१८ हा रविवार. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील या आदिवासी गांवीं त्या दिवशीं बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच इसम भिक्षा मागण्यासाठीं तेथें आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें तालुक्यांतले. त्यांतील एकजण लहान मुलीशीं बोलला, एवढाच बोभाटा झाला. मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरतात, असा मजकूर त्याआधीं कित्येक दिवस फोनांतून फिरत होता. जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेऊन मरेपर्यंत मारलें. पांचहि मेले. मारणारे गरीब आणि मरणारेहि गरीब. एकाहि मुलाच्या अंगाला कोणी हात लावलेला नव्हता.

त्या वर्षीं देशभर ज्या चित्रफितीनें भीति पसरविली, तिचें मूळ ऐकण्याजोगें आहे. ती पाकिस्तानांतील कराची शहरांत तयार झाली होती. आईबापांनीं मुलांची काळजी घ्यावी, हें सांगण्यासाठीं एका संस्थेनें तो प्रसंग मुद्दाम रचला होता. मोटारसायकलवरचा माणूस मूल उचलतो, आणि शेवटीं तेंच मूल परत आणून ठेवतो व हातांतील फलक दाखवितो. कोणीतरी तो शेवट तेवढा कापून टाकला. राहिलें तें एकट्या भीतीचें चित्र. शेंकडों कोसांवरील तें चित्र पाहून आमच्या लोकांनीं आपल्या दारीं आलेल्या भिक्षेकऱ्याला चोर ठरविलें. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपवाल्यांनीं एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठविण्यास भारतांत बंदी घातली. पांच जीव गेल्यावर हें शहाणपण सुचलें.

परंतु त्याच दिवशीं मालेगांवांत काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. तेथेंहि हीच अफवा होती आणि एका लहान लेकरासह परक्या कुटुंबाभोंवतीं असाच जमाव जमला होता. एका रहिवाशानें त्यांस आपल्या घरांत घेतलें आणि पोलिस येईपर्यंत दार धरून ठेविलें. सारे वांचले. म्हणजे जमाव आंधळा झाला तरी एक माणूस डोळस असल्यास माणसें मरत नाहींत. आमच्या नागपुरांत २०१२ सालीं नाथजोगी समाजाच्या तिघांस जमावानें संशयावरून ठार मारलें, तेव्हां असें दार कोणी उघडलें नाहीं.

आतां दुसरी हकीकत. ता. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें आखाड्याचे दोन साधु व त्यांचा मोटारचालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर व मुलें पळविणारे रात्रीं हिंडतात, या भीतीनें लोक पहारा देत होते. अफवा तीच, भीति तीच, गांवेंहि तशींच गरीब. राईनपाड्यास जें घडलें तेंच येथें पोलिसांच्या डोळ्यांदेखत घडलें. गुन्हा घोर होता, याविषयीं कोणास शंका नसावी.

परंतु वर्तमानपत्रांचा व दूरचित्रवाणीचा तराजू पाहावा. राईनपाड्याच्या पांच गोसाव्यांची बातमी आली, लोक हळहळले, सरकारनें पांच पांच लाखांची मदत जाहीर केली. मात्र धर्मावर घाला पडला, असें कोणी म्हटलें नाहीं. आणि तें योग्यच होतें. गडचिंचल्याच्या वेळीं मात्र कित्येक वाहिन्यांनीं रात्रंदिवस एकच घोष लाविला कीं, यामागें कट आहे. फोनांतून परधर्मीयांचीं नांवें फिरूं लागलीं. अखेर तेव्हांचे गृहमंत्री अनिल देशमुख यांस अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून तींत एकहि मुसलमान नाहीं, असें सांगावें लागलें. खुनाचा तपास सांगण्याऐवजीं धर्माची गणती सांगण्याची पाळी सरकारवर यावी, यांतच सारें आलें.

आम्ही विचारतों, डवरी गोसाव्याची कफनी भगवी नसते काय? नाथांचें नांव त्याच्या ओठीं नसतें काय? मग एका भगव्यासाठीं आकाशपाताळ एक करावें आणि दुसऱ्या भगव्याचा विसर पडावा, हें कां? कारण उघड आहे. गोसावी भटका; त्याला ना जमीन, ना मठ, ना पाठीशीं कोणी. त्याच्या मरणाचा कोणास उपयोग नव्हता. ज्या मरणाचा उपयोग होतो त्याचीच दवंडी पिटली जाते. ज्यांस धर्माचा कळवळा होता, त्यांनीं आधीं राईनपाड्याच्या विधवांकडे पाहावयास हवें होतें.

कट आहे, असें ऐकतांच माणसाचें मन तिकडे कां धांवतें, याचाहि विचार करावा. भगताचा अंगारा लागला तर तो भगताचा गुण. न लागला तर तुमची श्रद्धा कमी पडली. म्हणजे भगत कधींच खोटा ठरत नाहीं. कटाची गोष्टहि तशीच. पुरावा मिळाला तर कट सिद्ध. न मिळाला तर तो दडविला, म्हणून कट अधिकच सिद्ध. जी गोष्ट कोणत्याहि उपायानें खोटी ठरूं शकत नाहीं, ती खरी नसते. ती पकडून ठेवण्याचा फांस असते. देवळांत प्रश्न न विचारण्याची संवय लागलेलें मन फोनापुढेंहि हात जोडतें. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो म्हणून सारा देश रांगेंत उभा होता. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळला, तेव्हां चमच्यांतील दूध दगडावरून पातळ ओघळानें खालीं जातांना साऱ्यांस दिसलें. उपाय एका चिमूटभर रंगाचा होता.

अफवेचा फटका नेहमीं आपल्याच वर्गाला बसतो. २०२० च्या आरंभीं कोंबडी खाल्ल्यानें कोरोना होतो, असा मजकूर पसरला. महाराष्ट्रांतील कुक्कुटपालन करणारे शेतकरी त्यानें बुडाले. खाद्याचा खर्चहि निघेना, म्हणून लोकांनीं पक्षी फुकट वांटले, गाडून टाकले. मजकूर पाठविणाऱ्याचें कांहीं गेलें नाहीं. त्याच साथींत तबलिगी जमातीच्या परदेशी लोकांवर रोग पसरविल्याचा ठपका आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २१ ऑगस्ट २०२० रोजीं त्यांच्यावरील गुन्हे रद्द केले. माध्यमांनीं त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार चालविला आणि त्यांस बळीचा बकरा केलें गेल्याचा संभव आहे, असें निकालांत नमूद केलें. आरोपाचा गाजावाजा महिनोनमहिने झाला. निकालाचा किती झाला, हें वाचकांनींच आठवावें.

येथें आमच्या बाजूच्या मंडळींसहि दोन शब्द सांगणें भाग आहे. प्रत्येक संकटामागें भटाशेटजींचा गुप्त कट आहे, असें म्हणून पुराव्याची खटपट टाळणारे आमच्यांतहि आहेत. अन्याय झाला असेल तेथें तो नांवगांवासह, कागदपत्रासह दाखवावा. त्यांत कसूर करूं नये. पण आपल्या मनाला रुचतें म्हणून कांहींहि खरें मानणें ही नव्या देव्हाऱ्याची पूजाच होय. जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं समाज स्थापिला, त्याला सत्यशोधक असें नांव दिलें. त्यांत सत्याइतकाच शोधहि आहे.

मुलें हरवतात, विकलींहि जातात, हें खोटें नाहीं. म्हणूनच त्याचा बंदोबस्त जमावाच्या काठीवर सोंपवूं नये. संशय आला तर ११२ किंवा १०९८ या आंकड्यावर फोन करावा, पोलिस पाटलास बोलवावें, आणि परक्या माणसास घरांत किंवा शाळेंत बसवून पाणी पाजावें. उमरेड तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेनें एवढा ठराव केला तरी पुष्कळ झालें. आणि मजकूर पुढें धाडण्यापूर्वीं ज्यानें त्यानें स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या. हें कोणीं डोळ्यांनीं पाहिलें? कोठें व कोणत्या तारखेस? आणि हें खोटें निघालें तर मरेल कोण? पहिल्या दोहोंचें उत्तर मिळत नसेल, तर तिसऱ्याचें उत्तर आपलेंच कोणीतरी भाऊबंद आहे, असें खुशाल समजावें.