काळ्या केसांची सक्ती

मुलीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी आई केसांना कलप लावते आणि ऐन मुहूर्ताला तिच्या पापण्या सुजून डोळे उघडेनासे होतात. मांडवात कुणी म्हणते जागरण, कुणी म्हणते दृष्ट. कलपाचे नाव निघत नाही.

निघणार तरी कसे? ही इजा उशिरा उगवते. काळ्या कलपातले पॅरा-फेनिलीन-डायअमाइन, म्हणजे पीपीडी, शरीराने एकदा शत्रू म्हणून ओळखले की त्यानंतर कलप लावल्यावर साधारण एक-दोन दिवसांनी दाह सुरू होतो. कलप लागतो डोक्याला, पण सूज चढते पापण्यांवर, कारण तिथली कातडी अंगभरात सर्वांत पातळ. दहा वर्षे काही झाले नाही, याने अकराव्या वर्षाची हमी मिळत नाही. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीतही हेच रसायन मिसळतात आणि ती आपण लहान मुलींच्या हातांवर हौसेने काढतो!

अमेरिकेत 1933 च्या सुमारास हेच रसायन असलेल्या ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला. 1938 साली तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला, त्यामागे या बायकांचे भोग होते. आपल्याकडेही पीपीडीच्या कलपावर सूचना छापणे सक्तीचे आहे: आधी त्वचेवर चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. ही सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत खोक्यावर पडून राहते आणि भुवया सर्रास रंगवल्या जातात.

कंपनी आणि पार्लर दोषी आहेतच. पण त्या बाईला आरशासमोर बसवले कुणी? पुरुषाच्या पिकल्या केसांत आपल्याला अनुभव दिसतो, बाईच्या केसांत गबाळेपणा. ‘अगं, किती म्हातारी दिसतेस’ हे नणंद म्हणते, जाऊ म्हणते, पोटची लेकही म्हणते. दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभी राहणारी तर नोकरीच्या धाकाने महिन्याच्या महिन्याला कलप लावते. डोळ्यांना खाज सुटली तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तोच. हा छळ आहे आणि तो आपण सगळे मिळून करतो.

एकदा पापण्या सुजल्या असतील, तर पीपीडीचा कलप पुन्हा केसांना लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पॅच टेस्ट करून घ्या. आणि घरातल्या बाईला ‘केस काळे कर’ असे सांगणे आजपासून बंद करा.